तोतोयला फ्रीज लागला

यंदाच्या नाताळच्या सोडतीतला दोन दारांचा फ्रीज लागला तोतोयला. तोतोयला पोट नाही, घर नाही, आणि दूध नासेल ही चिंता तर नाहीच नाही. तोतोय म्हणजे चाकांच्या गाड्यावर बसवलेला एक यांत्रिक हात. फिलिपिन्समधल्या आमच्या काविटेच्या कारखान्यात पंख्यांच्या मोटरींना दिवसभर स्क्रू पिळतो.

त्याच्या जागी आधी ओसांग बसायची, माझ्या शेजारी, सोळा वर्षं. ऑगस्टात तोतोय आला तेव्हा एचआरच्या क्लॅरिस मॅडमनी पाद्री बोलावला, मशीनवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि माइकवर म्हणाल्या, "हा आपल्या कुटुंबातला नवा सदस्य! माणूस आणि मशीन आता हातात हात घालून काम करणार!" पाणी सर्किटात गेलं आणि नवा सदस्य दोन दिवस आजारी पडला. आम्हाला पहिल्या वर्षी आजारपणाची रजा नसते, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

हातात हात मात्र खरोखर घातला गेला. या मशीनला शिकवायचं म्हणजे त्याचा हात धरून फिरवायचा, मग ते तस्संच करतं. ओसांगनं तीन आठवडे धरून शिकवलं. स्क्रू बसला की मोटरीवर दोन टिचक्या मारायची तिला सवय होती, तीसुद्धा त्यानं उचलली. चौथ्या आठवड्यात ओसांगचा करार संपला, तो पुन्हा झालाच नाही. मेंटेनन्सच्या जोमारनं तिचा रिकामा झालेला ४१७ नंबर तोतोयला चिकटवून टाकला, कारण कामगार नंबर टाकल्याशिवाय मशीन सुरू होत नव्हतं आणि नवा नंबर मागायला तीन साहेबांच्या सह्या लागतात.

तेव्हापासून ओसांग गेटबाहेर साबुदाण्याचं सरबत विकते. रोज पहाटे बर्फ विकत आणते, आणि आम्ही जेवायला सुटेपर्यंत तो वितळून गटारात जातो. कोमट सरबत आमची लाइन मुकाट्यानं पिते, बाकीच्या बायका कशाला पितील? घरी फ्रीज असता तर धंदा उभा राहिला असता. नाहीतर जानेवारीत दूर समार बेटावर भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं तिनं मला सांगितलं होतं.

सोडतीचा सगळ्यात कडक नियम असा. नाव तीनदा पुकारणार, आणि विजेता हजर पाहिजे. गेल्या वर्षी मी संडासात असताना माझा राइस कुकर असाच गेला. तेव्हापासून सोडतीच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही.

तर भर दुपारी कँटीनमध्ये कॉम्प्युटरनं फ्रीजचा नंबर काढला.

"चारशे सतरा," मॅडमनी वाचलं. "तोतोय... आडनाव नाही?"

सगळं कँटीन खिदळलं. जोमारनं ताटात तोंड खुपसलं.

"काहीतरी गडबड झालीय. दुसरा नंबर काढू या," मॅडम म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "का म्हणून? तीनदा पुकारा! माझ्या वेळी बरं पुकारलंत!"

"तीनदा! तीनदा!" बायकांनी चमचे आपटायला सुरुवात केली.

मॅडम कपाळाला आठ्या घालून दुसऱ्यांदा "तोतोय" म्हणाल्या, तोवर आम्ही चौघी धावत सुटलो होतो. वायर उपटली, चाकांचे ब्रेक सोडले आणि तोतोयला ढकलत आणलं. तिसऱ्या पुकाराला जोमारचा पाय नेमका माइकच्या वायरीत अडकला. मॅडमचा आवाज परत येईपर्यंत आम्ही स्टेजसमोर होतो.

"हजर आहे!" मी धापा टाकत म्हणाले.

"नॉर्मिंग, हे मशीन आहे!"

"ऑगस्टात कुटुंबातला सदस्य होता, मॅडम. फादरना विचारा ना."

फादर पुढच्याच टेबलावर हॅम चावत होते. तोंड भरलेलं, म्हणून त्यांनी नुसतीच मान डोलावली. टाळ्या पडल्या.

मॅडमनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. "बरं. मग पावतीवर सही कोण करणार? हा?"

"विजेत्याला जमत नसेल तर घरच्यांनी करायची, असं नियमातच लिहिलंय."

"आणि याच्या घरचं कोण?"

"गेटवर सरबत विकतंय."

ओसांग आली ती ओले हात झग्याला पुसत. जोमारनं तोवर तोतोयची वायर कॅराओकेच्या प्लगमध्ये खुपसली होती. समोर मोटर नव्हती, तरी त्यानं हवेतच स्क्रू पिळला आणि दोन टिचक्या मारल्या. ओसांग थबकली.

"मेला अजून मनगट वाकडंच धरतो," ती म्हणाली. "माझं दुखायचं म्हणून मी तसं धरायचे. याला काय धाड भरलीय?"

आम्ही हसलो. मला रडूही येत होतं, ते मी हसण्यात खपवलं.

"सही करा," मॅडम म्हणाल्या. "पण 'विजेत्याशी नातं' हा रकाना भरल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. मैत्रीण, शेजारीण, असलं काही चालणार नाही."

ओसांगनं पेन घेतलं. थोडा वेळ तोतोयकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'माझा हात.'

मॅडमनी वाचलं. परत वाचलं. मग कुणाकडेही न बघता शिक्का मारला.