वीरगळाला फुटलेलं रक्त

दगडातून रक्त आलं आणि अख्खा गाव एका सुरात ओरडला. वेशीवरच्या वीरगळावरून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या त्या जुन्या कोरीव दगडावरून, पिवळ्याधमक हळदीत लाल ओघळ उतरत होते. वनमालाच्या हातातला तांब्या अजून पुरता रिकामाही झाला नव्हता.

सगळ्यात आधी उठली ती तिच्या दिराची, उत्तरेश्वरची काठी. ती खांद्यावर बसली आणि तांब्या खणखणत पडला. कुणीतरी केस धरून वनमालाला चौथऱ्यावरून खाली ओढलं. तिचं कपाळ फुटलं. आता खरं रक्त आलं, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"माझे बैल खाल्ले हिनं!" उत्तरेश्वर ओरडला. "भानामती केली! साऱ्यांची जनावरं मेली, मंग हिच्याच गाई कशा जित्या हायेत?"

ऊसतोडीला निघायच्या तोंडावर लम्पीच्या साथीने त्याची बैलजोडी नेली होती. वनमालाच्या गाई वाचल्या, कारण तिने सरकारी डॉक्टरकडून लस टोचून घेतली होती. बाकीच्या शहाण्यांनी लसीने दूध आटतं म्हणून डॉक्टरला परत पाठवलं आणि वीरगळाला हळद फासली. मग घरटी तांब्याभर पाण्याने त्याला आंघोळ घालायची, ही जुनीच रीत. नवे होते ते फक्त भस्मेबाबा.

"जिसका पाप, उसका खून!" बाबा गरजले. हिंदीतून बोललं की सिद्धी वाढते, असा त्यांचा समज असावा. त्यांचा चेला प्रत्येक तांब्यात चिमूटभर विभूती टाकून पाणी 'शुद्ध' करत होता. बाबांच्या मठाला जागा कमी पडत होती आणि वनमालाचा गोठा नेमका वीरगळाला खेटून होता, पण हा योगायोग कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

आला होता तो हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या मायाच्या. इतरांसाठी थाळीतली विभूती घेणाऱ्या चेल्याने वनमालाच्या वेळी कमरेच्या पिशवीत हात घातला, तेही तिने पाहिलं होतं. ती मधे घुसली आणि दुसरी काठी तिच्या हातावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"बाजूला व्हा बाई! तुमी देव मानत न्हाई, तुमाला काय कळतंय?" जमावातून कुणीतरी खेकसलं.

"देवाचं राहू द्या. साखराबाई, हळदीत चुना कालवला तर काय होतं?"

तांब्या घेऊन रांगेत उभी असलेली म्हातारी साखराबाई गोंधळली. "काय व्हनार? लाल कुकू व्हतं की. माझी माय घरीच करायची."

बोलता बोलता तिची नजर चेल्याच्या कमरेकडे गेली. रांगेतल्या सगळ्याच बायकांची गेली. चेला पळायला वळला, तर पुढे तांब्यांची भिंत. मायाने त्याची पिशवी हिसकावली.

बाबांनी चिमटा उगारला. उत्तरेश्वरने तो वरच्यावर धरला. "थांबा महाराज. बघू द्या."

मायाने पिशवीतली पांढरी पूड बाबांच्याच कमंडलूत ओतली आणि ते पाणी वीरगळाच्या कोरड्या बाजूवर सोडलं. लालभडक ओघळ उतरले.

"हळद गावाची, चुना यांचा. आता बाबांनी कुणाचे बैल खाल्ले म्हणायचं?"

मग तोच जमाव तेवढ्याच संतापाने बाबांवर धावला. चिमटा त्यांच्याच डोक्यात बसला. माया पुन्हा आडवी गेली. "हात लावू नका! पोलीस येतील. मारण्याआधी काही विचारायचं असतं की नाही माणसानं?"

मग तिने दगड खसाखसा धुतला. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला एकटा माणूस, पाठीमागे गाई, समोर शस्त्रं उगारलेली झुंड. मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीपुढे जोडलेले हात आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ते असेपर्यंत आठवण राहावी म्हणून.

"हा देव नाही. गावची गुरं वाचवताना मेलेला माणूस आहे. तुम्ही त्याला हळदीत पुरलंत, आणि त्याच्यासमोर गाई जगवणारीला मारताय."

उत्तरेश्वरने त्या झुंडीवर बोट ठेवलं. "हे हत्यारं उगारलेले कोन हायेत, बाई?"

"लुटारू."

त्याने काठी खाली ठेवली. त्याचे डोळे वाहत होते, पण वनमालाकडे बघायचा त्याला धीर होईना. ती पायरीवर पदराने कपाळ दाबून बसली होती. तीच बोलली.

"भावजी, रडू नगा आता. डॉक्टरला फोन लावा. राहिलेल्या जनावरांना तरी टोचून घ्या."