थाळीत दिसलेल्या तीन म्हशी

"तुझा थोरला पोरगा फौजंत हाय. डोंगरात हाय. मला बर्फ दिसतंय!"

थाळीवाल्या महाराजांनी थाळीतल्या पाण्यावरची नजर न काढता हे सांगितलं आणि दादासोंना रडू फुटलं. कडेगावच्या अलीकडचं हे गाव. इथं दर दुसऱ्या घरचा एक पोरगा फौजेत असतो आणि फौज पुष्कळदा डोंगरात असते. पण देवळापुढच्या पटांगणात जमलेल्या पाचसहाशे माणसांपैकी हे कुणी बोललं नाही. बायकांनी पदर पसरले होते आणि गावच्या नळाला पाणी सोडणाऱ्या जोतीरामच्या अंगात यायची तयारी चालली होती.

क्रांती मागे चपलांच्या ढिगापाशी, टोकन देणाऱ्या महाराजांच्या चेल्याजवळ उभी होती. ती हायस्कूलची ग्रंथपाल. दर शनिवारी आठवीच्या पोरांना ती सांगायची, की कुठलीही माहिती आली की आधी तिचा उगम बघा.

"नाथाजी, म्होरं ये!" महाराज गरजले. "तुझ्या दावणीच्या तीन म्हशी मेल्या! तोंडाला फेस येऊन! व्हय का न्हाई?"

नाथाजींनी एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. "व्हय महाराज."

नाथाजी क्रांतीचे शेजारी. त्यांची म्हैस मेली होती एकच. उरलेल्या दोघींचं दूध तिने सकाळीच चहात घातलं होतं. तीन म्हशी एकाच ठिकाणी मेल्या होत्या, अर्जात.

महिन्यापूर्वी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज आला होता. 'पशुधन नुकसान भरपाई. आजच शेवटचा दिवस.' वर सरकारी दिसणारा शिक्का होता, तेवढ्यावर गावाचं समाधान झालं. नाव, जनावरं, घरातलं आजारपण, फौजेत कोण, आणि शेवटी 'नुकसानीबाबत कोणावर संशय?' ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांचे अडतीस अर्ज क्रांतीने भरले. पाठवला कुणी, हे तिने विचारलं नाही. "तीन लिव गं, एकीला कोण इचारतंय," असं नाथाजी म्हणाले आणि तिने तीन लिहिलं.

"करणी!" महाराज थाळीवर वाकले. "गावाच्या कडंला घर. एकटी बाय. दारात शेवगा. शालू!"

शालूबाई रांगेतच होती, नवसाचा नारळ घेऊन. पहिला फटका त्याच नारळाचा बसला. मग कुणी केस धरून तिला फरशीवरून ओढलं. एरवी डासालाही न मारता हाताने वारा घालून उडवणाऱ्या भाऊसोंनी पोटात लाथ घातली. बायकांनी वहाणा काढल्या. तिने तोंडावर हात धरला, त्या हातावर दांडकं बसलं आणि उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला. त्याने मारणाऱ्यांना हुरूपच आला.

"आवं, ती मरंल!" क्रांती गर्दीत घुसली. खांद्यावर एक रट्टा बसला, ओठ फुटला.

"तू बी सामील हाय व्हय गं?" कुणीतरी ओरडलं.

पुढचं दांडकं नाथाजींच्या हातात होतं. क्रांतीने ते दोन्ही हातांनी धरलं.

"तात्या, म्हशी किती मेल्या?"

"म्हाराजांनी सांगितल्या की."

"मी तुमाला विचारतेय."

"भरपाई जाईल गं," नाथाजी कुजबुजले.

"हिचा जीव चाललाय."

नाथाजींनी खाली पाहिलं. शालूबाईच्या एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं.

"एकच मेली," ते पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"एकच मेली रं! दोन मी लबाडीनं लिवल्या!"

हात थांबले. गावात म्हशीबद्दल कुणीही खोटं बोलतं, पण आपण खोटं बोललो हे पाचशे माणसांत कुणी सांगत नाही.

"ऱ्हायलेल्या दोघी मरनार हायत!" महाराज चटकन म्हणाले. "मला म्होरचं दिसतंय!"

"मग मेल्या कशाला म्हणालात? अन् फेस?" क्रांती म्हणाली. "फेस मी टाइप केला होता."

तिने थाळी उलथली. पाणी सांडलं. थाळीचा तळ काचेचा निघाला. खालच्या लाकडी पाटात खळगा, खळग्यात मोबाईल आणि मोबाईलवर नाथाजींचा अर्ज. चपला सांभाळणारा चेला टोकन देताना नाव विचारायचा आणि त्या नावाचा अर्ज थाळीखालच्या मोबाईलवर धाडायचा. भरपाईचा तो अर्ज ग्रुपवर सोडला होता याच दोघांनी.

"आता शेवटचा रकाना वाचते," क्रांती म्हणाली. तिने बोटाने एकेक अर्ज सरकवला. "दादासो, संशय शालूबाईवर. भाऊसो, शालूबाई. जोतीराम, शालूबाई. सतरा घरं हायत. त्यातली नऊ माझ्या हातची. पाण्यात काय दिसलं न्हाई. आपण लिहून दिलं, यानं वाचून दाखवलं."

मग गावाने तीच दांडकी उचलून महाराजांवर चाल केली. आपल्या चुकीचा राग दुसऱ्यावर काढायला गावाला सराव होता. पहिल्याच तडाख्यात महाराजांचे दोन दात फरशीवर आले. चेला चपलांच्या ढिगाखाली शिरला.

"थांबा!" क्रांती आडवी आली. "आता कुणाच्या सांगण्यावरून मारताय? माझ्या? माझं तरी तपासलंत का कुणी?"

दांडकी जमिनीला टेकली. पोलीस आले तेव्हा त्यांनी महाराजांना नेलं, चेल्याला नेलं, आणि भाऊसोंसकट गावातल्या सहा जणांनाही नेलं. भाऊसो जाताना म्हणत होते, "समदीच मारत हुती की!"

आठवड्याने क्रांती सांगलीच्या दवाखान्यात गेली. शालूबाईच्या मोडलेल्या हातात स्टीलची पट्टी घातली होती, डोळ्यावर बँडेज होतं. क्रांतीने सगळं सांगितलं. तुमचं नाव मी नऊ वेळा लिहिलं, सरकार कुठं वाचतंय असं वाटलं, हेही सांगितलं.

"मला लिवायवाचायला येत न्हाई बाई," शालूबाई म्हणाली. "तुला येतंय. मग तू का न्हाई इचारलंस?"

याचं उत्तर आपल्यापैकी कुणालाच सहज देता येणार नाही. मोबाईलवर काही आलं, कचेरीत कागद पुढे सरकला, शाळेत कुणी छातीठोक काही सांगितलं, तर थांबावं आणि विचारावं. हे कुणी पाठवलं? त्याला कसं कळलं? आणि हे खरं धरलं तर मार कुणाला बसणार आहे? विचारायला अर्धं मिनिट लागतं. शालूबाईला डाव्या डोळ्याने आता कधीच दिसणार नाही.