डिकीत वॉकर मावेल अशी गाडी

"हिशोब एकदम चोख जुळला ना बाई, की समज, घरात कुणीतरी पोटाला चिमटा घेतंय," तिचे बाबा म्हणाले होते. आयुष्यभर गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकलेला माणूस. मोठी गाडी परवडेल का, हे ठरवायची त्यांची एक रीत होती: आधी तीन महिने हप्ता, मग गाडी. पगाराच्या दिवशीच हप्त्याएवढे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्यात घर चालवून बघायचं. रीत तिने उचलली. चिमट्याचं बोलणं मात्र "बाबा, तुम्ही पण ना!" म्हणत हसण्यावारी नेलं.

गाडी हौसेची नव्हतीच. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून दोनदा भाड्याच्या गाडीने फिजिओथेरपीला जायचं. सहा महिने नेमाने व्यायाम झाला तर काठीवर येतील, नाहीतर वॉकर जन्माचा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लहान गाडी घ्यावी, तर बाळाची सीट आणि सासरे बसवले, की वॉकर बाहेर. म्हणून सेडान. सासरे मूळचे शिंपी. शोरूममध्ये खिशातली टेप काढून त्यांनी डिकी मापायला लावली आणि मान डोलावली. "दोन बोटं लूज आहे. घ्या शिवायला!"

पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच ठणठणगोपाळ. बाजूला काढलेल्यातले पैसे परत उचलावे लागले. "पहिल्याच घासाला खडा," नवरा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

दुसऱ्या महिन्यात सासरे सहज बोलावं तसं बोलले, "सूनबाई, त्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, आता घरी केलंत तरी चालेल."

तिने लॅपटॉपवरच्या तक्त्यात दोन रकान्यांत शून्य टाकलं, फिजिओ आणि गाडीभाडं. हप्ता बसला. तिसऱ्या महिन्यातही बसला. एरवी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी बाई ती, पण बाळ रात्रीत तीनदा उठायचं, सकाळी ऑफिस असायचं. जुळलेला हिशोब उसवून बघायचं त्राण कुणाच्या अंगात होतं?

बुकिंगची रक्कम भरायच्या आदल्या दुपारी तिला ऑफिसात फोन आला. फिजिओथेरपिस्ट बाई होत्या.

"आजोबा बरे आहेत ना? दोन महिने आलेच नाहीत."

"तुम्हीच म्हणालात ना, घरी केलं तरी चालेल?"

"मी? अहो, इतक्यात मी कुणालाच असं सांगत नाही."

फोन ठेवला आणि तिला बाथरूमची भिंत आठवली. कमरेच्या उंचीवर रोज उमटणारे हाताचे डाग. बाळाचे हात तिथवर पोचत नाहीत, हे तिला कळायला हवं होतं. रोज तिनेच तर ते पुसले होते.

घरी आली तेव्हा सासरे खुर्चीत बसून नातवाच्या झबल्याला बटण लावत होते.

"अण्णा, जरा दारापर्यंत चालून दाखवा."

"आत्ता? कशाला? मी अगदी बरा आहे."

"चला ना."

वॉकर न घेताच ते उठले. चार पावलांत कपाळावर घाम आला. पाचव्याला त्यांनी भिंत धरली.

"कापड कमी पडलं की शिंपी बाही आखूड करतो गं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "त्याने अंगरखा अडत नाही."

"आणि बाही नेमकी तुमचीच?"

"मग काय बाळाची करायची?"

तिला रागवायचं होतं, पण तेही जमलं नाही. तिने त्यांना बसवलं आणि लॅपटॉप उघडून दोन्ही शून्यं पुसली. खरे आकडे भरले. तळाची बेरीज लाल झाली. तेवढ्यात शोरूममधून फोन आला. "मॅडम, उद्या नक्की ना?"

"नाही," ती म्हणाली. "नाही परवडत."

मग शुक्रवारची भाड्याची गाडी सांगितली. वॉकर मांडीवर घेऊन बसावं लागणार होतं. ती बसेल.

तुमचाही हिशोब या महिन्यात अगदी सहज जुळला असेल, तर एवढं वाचून आतल्या खोलीत थोरल्यांकडे जाऊन या. 'कसे आहात' विचारू नका, 'बरा आहे' असंच उत्तर येईल. त्यांना दारापर्यंत चालून दाखवायला सांगा.