थंड खोलीतला तो आणि टेबलाखालचा मी

मित्रांनो, टेबलाखाली ताईंच्या पायाला लागतो ना, तो काळा, जाडजूड संगणक म्हणजे मी. वय झालं आहे, पंखा घरघरतो. ताई प्रोसेसरच्या चिपचं टायमिंग बघतात. नखाएवढ्या चिपमध्ये असंख्य संदेश धावत असतात आणि प्रत्येकाला घड्याळाचा ठोका धरूनच पोहोचावं लागतं. भजनात एकाचा टाळ आधी पडला तरी सगळा रंग जातो, तसंच हे. कोण रेंगाळतो, कोण घाई करतो, ते मी शोधून द्यायचो. दिवस दिवस लागायचा. ताई म्हणायच्या, "सावकाश कर रे बाबा, पण बरोबर सांग."

मग पलीकडच्या थंड खोलीत तो नवा संगणक आला. चहा संपायच्या आत उत्तर! जो तो त्याचे गोडवे गाऊ लागला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची. खोटं कशाला बोलू, देवाला रोज विनवायचो, "एकदा तरी याची फजिती कर रे!"

चिपचा आराखडा कारखान्याकडे पाठवायचा दिवस उजाडला. एक संदेश उशिरा पोहोचत होता, म्हणून ताईंनी त्याची वाट जवळची केली. नव्याने लगेच सांगितलं, उशीर कुठेच नाही.

चिपमधल्या तारा आखणारे मामा उतावीळ झाले. "ताई, द्या पाठवून!"

"थांबा हो, या म्हाताऱ्यालाही विचारते."

"हा सांगेपर्यंत मी निवृत्त होईन!"

"मग निवांत बसा."

माझी रीत जुनी. उशीर आणि घाई, दोन्ही बघितल्याशिवाय मी उत्तर देत नाही. तोच संदेश आता फार लवकर पोहोचून आधीच्या संदेशाला तुडवत होता. पडद्यावर लाल ओळ उमटली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या!

ताईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. "मामा, चिप बनल्यावर उशीर निघाला असता तर घड्याळ हळू करून भागलं असतं. लवकर येणाऱ्याला तेव्हा काही इलाज नाही. सगळ्या चिपा कचऱ्यात गेल्या असत्या."

"म्हणजे नव्याने लपवलं?"

"तो कशाला लपवेल? घाईघाईत मीच त्याला फक्त उशिराचं विचारलं."

त्यांनी घाईचंही विचारलं. त्याने क्षणात तीच लाल ओळ दाखवली. माझा फुगा फुटला.

ताईंनी त्या वाटेवर दोन चिमुकले थांबे घातले. नव्याने हिरवा कौल दिला, तरी त्या पाठवेनात. "दोघांचं जुळू दे," म्हणत माझ्याकडे बघत बसल्या. मामाही खुर्ची ओढून बसले. गणित करता करता माझ्या मनात आलं, देवा, त्याचं उत्तर बरोबरच निघू दे. आणि जुळलं! ताईंनी हात जोडले आणि आराखडा पाठवला.

मत्सर गेला असं समजू नका. आजही मी जळतो. पण मित्रांनो, जुन्या यंत्राची धूळ पुसत जा, त्याला कामाला लावा. आणि नव्याला प्रश्न अर्धा विचारू नका. तो बिचारा विचारलं तेवढंच सांगतो. त्याची बाजू घेताना माझी जीभ जड होते आहे, पण खरं ते खरं.