धुरकटलेली काच

तिच्या भावाला कुणी वाटेल ते बोलावं, पण त्याच्या काचेला नावं ठेवू नयेत. संस्थेच्या तळघरात तो प्रयोगांसाठी काचेची उपकरणं घडवायचा, दोन मजले वर ती संशोधन करायची, आणि लहानपणापासूनची दोघांची भांडणं आता जिन्यावरून वरखाली चालायची. त्या दिवशी सकाळी तिने नेमकं काचेलाच नाव ठेवलं.

तिचं काम कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचं. कागदाहून पातळ पडदा, त्याच्या छिद्रांत आयनिक लिक्विड, म्हणजे न तापवताही द्रव राहणारं एक मीठ. ते उडून जात नाही, पेटत नाही. नको असलेला वायू त्यात विरघळून पलीकडे जातो, बाकीचे अलीकडेच अडतात. इतके दिवस ती कोरडा वायू सोडत होती. तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी नाक मुरडलं, खरा धूर ओला आणि गरम असतो म्हणाले, म्हणून या आठवड्यात तिने वाफ मिसळली. पडद्यातून थोडं मीठ पाझरलं, खाली लावलेल्या दादाच्या काचेच्या भांड्यात साठलं, आणि भांडं आतून धुरकट झालं. तिने ते नळाखाली खळबळून शिपायाबरोबर पिशवीतून खाली पाठवलं. पाठोपाठ त्याला फोन करून विचारलं, ही काच कुठल्या भंगारातून उचललीस. दादाने फोन आपटला.

दुपारी तिने पडद्याखाली त्याच्या जागी लावलेलं दुसरं भांडं सोडवलं. हे बाजारातून विकत आणलेलं. तेही धुरकटलं होतं, आणि तेही द्रव जिथवर चढला होता तिथवरच. त्याच्या वर काच लख्ख होती.

काच वाईट नव्हती, काच खाल्ली जात होती. त्या मिठात फ्लोरीन होतं. गरम वाफेने मीठ फुटलं होतं आणि त्यातून काच खाणारं आम्ल सुटलं होतं. कॉलेजातल्या पोरांनाही पाठ असलेली गोष्ट, पण सुरक्षित द्रव, सुरक्षित द्रव म्हणून सगळ्यांना सांगत फिरणाऱ्या या बाईंच्या डोक्यात ती आली नाही. शिवाय धुतलं काय, तर पाण्याने. ते मीठ पाण्यात मिसळतच नाही, म्हणून तर तिने ते निवडलं होतं. त्याचा थर भांड्यात तसाच चिकटून होता. आणि दादा हातमोजे घालत नाही, काच बोटाला कळावी लागते म्हणतो.

जिना ती कशी उतरली तिचं तिला ठाऊक. हे आम्ल पातळ असलं की वरवर काहीच दाखवत नाही. गुपचूप कातडीतून आत उतरतं, पार हाडापर्यंत जातं, आणि कधीकधी कित्येक तास दुखतही नाही. त्या दहा बोटांवर दादाचं पोट होतं, त्याची मिजासही होती.

तो खिडकीशी बसून भांड्याच्या आत अंगठा घालून घासत होता. सकाळपासून घासत असणार. त्याची काच स्वच्छ होते हे त्याला दाखवून द्यायचं होतं. तिने भांडं हिसकावलं, त्याचा हात नळाखाली धरला आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

तो हसला. "मला काहीच होत नाहीये, शास्त्रज्ञबाई. साधी आगसुद्धा नाही."

ते ऐकून ती जास्तच घाबरली.

इस्पितळात डॉक्टरांनी कॅल्शियमचं जेल भरलेला हातमोजा त्याच्या उजव्या हातात चढवला. बधिर करायचं औषध देणार नाही म्हणाल्या, कारण आम्ल अजून आत आहे की नाही, हे त्यांना दुखण्यावरूनच कळणार होतं. जेलने दुखायचं थांबलं नाही तर बोटात इंजेक्शन द्यावं लागणार होतं. दुखलं की त्या क्षणी सांगायचं, असं बजावून त्या शेजारच्या खोलीत गेल्या.

ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तो भिंतीकडे बघत नाही म्हणत राहिला. तिचा जीव थोडा भांड्यात पडतोय तोच तिला त्याचा डावा हात दिसला. त्याने खुर्चीची कड अशी धरली होती की नखं पांढरी पडली होती. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला, तेव्हाही तो हिच्यासमोर असाच मख्ख बसला होता. आता तर सकाळच्या बोलण्याचा रागही होता.

"दादा, तुझ्या काचेत काही खोट नव्हती," ती म्हणाली. "चूक माझी होती. मी उगाच तुला बोलले."

त्याने भिंतीवरची नजर तिच्याकडे वळवली. "सरांना सांगशील?"

"सगळ्यांना सांगेन."

त्याने डोळे मिटले. कपाळावर घाम फुटला होता.

"अंगठा," तो म्हणाला. "हाडात कुणी खिळा ठोकल्यासारखा दुखतोय. बोलव त्यांना."

ती उठली, दाराशी थबकली. "कधीपासून दुखतोय?"

"तू खाली आलीस ना," तो म्हणाला, "त्याच्या आधीपासून."