अवर्स म्हणजे कोणाची?

पाथर्डी फाट्याजवळ आमची सोसायटी आहे आणि तिला लागून एक बाग आहे. खरं तर बाग सोसायटीची नाही. लेआउट पडला तेव्हा सोडलेली ती मोकळी जागा, सरकारदप्तरी सार्वजनिक. पण फाटक आमच्या बाजूला उघडतं, झाडांना पाणी आमच्या टाकीचं जातं, आणि आमचे अध्यक्ष रंगनाथ देवरे रोज सकाळी तिथे दोन्ही हात वर करून मोठ्यानं हसण्याचा व्यायाम करतात. एवढ्या पुराव्यावर बाग आमचीच, असं सोसायटीत सगळे धरून चालले होते.

बागेच्या मागच्या अंगाला अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायका संध्याकाळी पोरं घेऊन यायच्या. पोरं झोपाळ्यावर, बायका हिरवळीवर. यात गैर काहीच नव्हतं आणि देवऱ्यांना नेमकं तेच खुपत होतं. गैर असतं तर तक्रार करता आली असती.

देवरे मूळचे देवळ्याचे. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी कमिटीच्या बैठकीत पाटी लावायचं काढलं.

"'ही बाग आमची आहे, बाहेरच्यांनी येऊ नये' असं सरळ लिहून टाका," कोणीतरी म्हणालं.

"छे छे, मराठीत फार उघडं दिसतं," देवरे म्हणाले. "उद्या कोणी फोटो काढला तर पंचाईत. आपण इंग्रजीत लिहू. इंग्रजीत काहीही लिहिलं तरी सभ्य वाटतं."

हे सगळ्यांना पटलं. आठवड्याभरात फाटकाजवळ हिरव्या पत्र्याची पाटी उभी राहिली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर होता : 'धिस गार्डन इज अवर्स. कीप इट क्लीन.' 'अवर्स'खाली देवऱ्यांनी रंगाऱ्याला दुहेरी रेघ मारायला लावली.

संध्याकाळी वस्तीतल्या कुसाबाई नातीला घेऊन आल्या. कुसाबाईंचं निम्मं आयुष्य पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत खुडणी करण्यात गेलं होतं. नात हर्षाली अकरावीत होती.

"काय लिव्हलंय गं?" कुसाबाईंनी विचारलं.

हर्षालीनं वाचलं. "ही बाग आपली आहे. स्वच्छ ठेवा."

"कुनी लावली?"

"सोसायटीवाल्यांनी."

कुसाबाईंनी पदरानं पाटीवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "चांगली मानसं हायेत की. आपन उगाच नावं ठिवायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरे हसायला आले, तर बागेत वस्तीतल्या बायका खराटे घेऊन राबत होत्या. पालापाचोळा, रिकाम्या बाटल्या, वाढदिवसाच्या केकचे खोके, सगळं कोपऱ्यात गोळा झालं होतं. देवऱ्यांनी हात वर केले, पण हसू काही आलं नाही. झाडणाऱ्याला हाकलायचं कसं, हे विमा कंपनीत त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

बागेला मग चांगलंच बाळसं आलं. कोपऱ्यात तुळस आली, कढीपत्ता आला. मोडका झोपाळा वस्तीतल्या वेल्डरनं जोडून दिला. उन्हाळा लागला तशा कट्ट्यावर जुन्या साड्या पसरून कुरडया वाळू लागल्या. आमच्याकडच्या दोनचार जणी कुरडयांचा ओला चीक मागून खाऊ लागल्या. त्यांत देवऱ्यांच्या पत्नी छायाताईही होत्या, पण हे देवऱ्यांना माहीत नव्हतं.

एका सकाळी देवऱ्यांनी बिस्किटाचा पुडा संपवला आणि कागद सवयीनं झुडपात टाकला.

"ओ भाऊ," मागून कुसाबाईंचा आवाज आला. "उचला तो. बाग आपली हाय ना? एवढी मोठी पाटी लावलीय, वाचता येत नाय का?"

देवऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पाटी मी लावली आहे!" ते ओरडले. "आणि बाग आपली नाही, आमची आहे. आमची! अवर्स म्हणजे आमची!"

हर्षाली तिथेच होती. ती उद्धट नव्हती, फक्त गोंधळली होती. "पण सर, 'अवर कंट्री'चा अर्थ आम्हाला आपला देश असाच शिकवलाय. तुमच्या वेळी 'आमचा देश' असा शिकवायचे का?"

दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. देवरे कागद न उचलता तडक निघाले, ते थेट तिसऱ्या मजल्यावर, निवृत्त प्राध्यापक खैरनारांच्या दारात.

खैरनार सरांनी मालेगावात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना कोणीही काहीही विचारलं नव्हतं. देवऱ्यांचा प्रश्न ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. त्यांनी देवऱ्यांना बसवलं आणि पार मुळापासून सुरुवात केली.

माय आणि माइन यांत आधी आला माइन, नंतर त्याचं शेपूट झडून माय झाला. तुझा म्हणायला त्यांच्याकडे दाय होता, तो त्यांनी देवापुरता ठेवला आणि बाकी सगळ्यांना तुमचं करून टाकलं. इट्स तर कालपरवाचा, चारेकशे वर्षांपूर्वीचा. त्याआधी झाडाचं पानसुद्धा 'हिज' असायचं.

"सर, अवर्स," देवरे काकुळतीला आले.

"येतोय. फार जुन्या इंग्रजीत फक्त आम्हा दोघांचं म्हणायला वेगळा शब्द होता, उंकर. तोही गेला. पण आपलं आणि आमचं हा भेद त्यांच्याकडे कधीच नव्हता. समोरचा धरलाय की वगळलाय, हे अवर्स सांगत नाही."

"म्हणजे ती पोरगी बरोबर?"

"तीही बरोबर, तुम्हीही बरोबर."

देवरे चिडले. "समोरच्याला वगळताच येत नाही, ही काय भाषा झाली? असल्या भाषेवर त्यांनी एवढं राज्य कसं केलं?"

"त्या जोरावरच तर केलं," खैरनार शांतपणे म्हणाले. "ते 'अवर इंडिया' म्हणत राहिले आणि आपले रावबहादूर समजले, आपलीच म्हणतायत."

देवऱ्यांना हे ऐकू आलं, पण कळलं नाही. त्यांनी त्याच दिवशी जुनी पाटी उतरवली आणि मराठीत नवी लावली : 'ही बाग आमची आहे.' फोटोची भीती आता उरली नव्हती. माणूस चिडला की सभ्यपणाचा खर्च आधी कमी करतो.

संध्याकाळी वस्तीतल्या बायका आल्या, तेव्हा देवरे मुद्दाम फाटकाशी उभे होते. कुसाबाई म्हातारपणी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी बोट लावून सावकाश, मोठ्यानं वाचलं, "ही... बाग... आमची... आहे." वाचून त्या देवऱ्यांकडे वळल्या. "आता तर साफच लिव्हलं की!"

"तुमची नाही, आमची!"

"मंग आमची कशाला लिव्हलं? 'आमची' म्हनून जो वाचंल, त्याचीच होते ती."

पण कुसाबाईंना अर्थ कळत नव्हता, असं मुळीच नाही. त्या एवढं बोलल्या आणि मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तुळशीला पाणी घातलं, कुरडयांची साडी गोळा केली आणि पोरींना हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतलं कोणी आलं नाही.

देवरे जिंकले. दोन दिवस मनसोक्त हसले. मग पानं साचू लागली. भटकी कुत्री आली. आमच्याच मुलांनी झोपाळा तोडला. झाडायला माणूस ठेवायचा विषय निघाला तेव्हा बैठकीत प्रत्येकाला अचानक आठवलं, की जागा मुळात सरकारी आहे. कोणी म्हणालं, आम्ही तर बागेत जातच नाही. दुसरे म्हणाले, आम्ही भाडेकरू आहोत. 'आमची' बाग पाहता पाहता एकट्या देवऱ्यांची झाली.

शेवटी देवरे स्वतः वस्तीत गेले. कुसाबाई दारात मेथी निवडत होत्या.

"मावशी, येत नाही आजकाल? बाग आपलीच आहे की," देवरे गोड आवाजात म्हणाले.

"आपली म्हंजी आमची आन् तुमची? का मानानं म्हनतात तसं नुसती तुमची?"

"तसं नाही, आपली, सगळ्यांची. फार कचरा झालाय हो."

"कचरा सगळ्यांचा झाला व्हय?" कुसाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. उठून आतून दोन खराटे आणले, एक देवऱ्यांच्या हातात दिला. "चला. मी झाडते तवर तुमी झाडायचं. तुमी थांबला की मी थांबनार."

देवरे खराटा घेऊन भर वस्तीतून चालत आले. पोरं मागे लागली होती. फाटकाशी छायाताई उभ्या होत्या. त्यांना वाटलं, नवऱ्याला बरं नाही. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "तो खराटा उलटा धरलाय तुम्ही."