बोटीवर दोरी नसते

बोटीवर 'दोरी' म्हणायचं नाही, हा आमच्या बाबांचा नियम. दोरी कपडे वाळत घालायला. बोटीवर शीड वर चढवते ती हॅलयार्ड, शीड आवळते नि सैल सोडते ती शीट, धक्क्याला बांधते ती मूरिंग लाइन. चुकून कुणी 'दोरी' म्हणालं, तर परत येईपर्यंत त्याला चहा नाही. आयुष्यभर लोकांचे दात उपटत आलेला हा माणूस निवृत्त होऊन गप्प बसेल, ही आमचीच चुकीची अपेक्षा.

मला लग्न करायचं होतं एका चष्मेवाल्याशी. दुकान स्वतःचं, स्वभाव गरीब, पोहता येत नाही. बाबांनी त्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. "सगळी नावं पाठ करून ये. मग होकार-नकाराचं बघू," म्हणाले.

मी त्याच्या दुकानातल्या खुर्च्यांना सुतळ्या बांधून घोकंपट्टी करून घेतली. गिऱ्हाइकं अडखळली, पण तो पोपटासारखा बोलायला लागला.

रविवारी धक्क्यावर बाबांनी उलटसुलट विचारलं. एकही नाव चुकलं नाही. बाबांचा चेहरा पडला. आई नेहमीसारखी मागच्या फळीवर विणकाम घेऊन बसली आणि आम्ही निघालो.

मध्यावर वाऱ्याचा असा झोत आला की बोट एका कुशीवर आडवीच झाली. सुकाणू बाबांच्या हातात. त्यांना दातखीळ बसली. मग ओरडले, "ती सोड! अरे, ती! ती नव्हे, ती!"

चष्मेवाल्याने एक हात हॅलयार्डवर, दुसरा शीटवर ठेवला आणि अदबीने विचारलं, "काका, नाव सांगता का?"

"अरे गाढवा, ती!"

आईने सुया मांडीवर ठेवल्या, हात लांबवून शीट सोडली आणि सुया परत उचलल्या. बोट सरळ झाली. बाबांची टोपी मात्र गेली.

"नापास," बाबा पुटपुटले.

मला असा राग आला! नावं पाठ करायला लावणाऱ्यालाच ऐन वेळी एक नाव आठवू नये आणि नापास कोण, तर हा? मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने डोळ्यांनीच मला गप्प केलं. चष्मेवाला ते बघत होता. परतीच्या वाटेवर तो बाबांचं एक अक्षर ऐकत नव्हता. नुसता आईकडे बघत होता.

धक्का जवळ आला. त्याच्या पायाशी सगळा गुंता पडलेला. बाबा हनुवटी उडवत ओरडले, "ते टाक! ते रे, ते!"

त्याने आईकडे पाहिलं. आईने एका वेटोळ्याकडे पाहिलं. त्याने नेमकं तेच उचलून धक्क्यावर फेकलं. बोट अलगद टेकली.

बाबा संशयाने त्याच्याजवळ गेले. "काय टाकलंस? नाव सांग."

"ते," चष्मेवाला म्हणाला.

बाबांनी डोकं खाजवलं. मग थर्मास उघडून पहिला कप, जो आजवर त्यांच्याशिवाय कुणालाच मिळाला नव्हता, त्याच्या हातात दिला. शब्द काही फुटेना.

"अगं," शेवटी आईला म्हणाले, "ते... ते सांग ना त्याला."

आई टाके मोजत होती. मान वर न करता चष्मेवाल्याला म्हणाली, "होकार आहे."